वाचकांचे प्रश्न : कुलूपबंद घरांचे काय करावे?

प्रश्न : धारूर तालुक्यात आमच्या संस्थेने नाला खोलीकरण केले. त्याचा परिणाम तपासण्यासाठी जानेवारीत घरोघरी सर्वेक्षण करावे का? – एक वाचक, बीड

उत्तर : जानेवारीत करू नये. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. कुलूप दिसले की प्रगणक शेजारच्या घरी जातो आणि नमुन्यात गावात राहिलेले बागायतदारच वाढतात, जे विहिरी भरल्याचे सांगणारच. कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये जावे, आणि बंद घराऐवजी दुसरे घर न घेता तेथेच पुन्हा जावे.

मात्र खरी अडचण पावसाची आहे. चांगल्या पावसाने विहिरी एरवीही भरतात. म्हणून काम न झालेली, तशाच जमिनीची शेजारची गावे तुलनेला घ्यावीत आणि जुन्या पाणीपातळीसाठी लोकांच्या आठवणीऐवजी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहाव्यात.