किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा अभ्यास: लेकीला पुढं शिकवावं का?

प्रश्न: आम्ही कळंब तालुक्यातले शेतकरी. मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि गणित घेऊन. हवामानाची मॉडेल वापरून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्यापासून किती वीज मिळेल, हे काढायला शिकणार म्हणते. आम्हाला वाटतं, बीएड करून शिक्षिका व्हावं. समुद्र कुठं, आम्ही कुठं! या शिक्षणाला नोकरी आहे का? (एक वडील)

नमस्कार दादा,

तिला अडवू नका, असंच मी म्हणेन. पण हे काम नेमकं काय असतं, ते आधी समजून घ्या.

पवनचक्की उभी करण्याआधी त्या जागी वर्षानुवर्षं वारा कसा वाहतो, ते पाहावं लागतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 6 मीटर आणि 7 मीटर यातला फरक अंगाला फारसा जाणवत नाही, पण 7 च्या वाऱ्यात जवळपास 60 टक्के जास्त ऊर्जा असते. अंदाज थोडा चुकला तरी कोट्यवधींचा हिशोब कोलमडतो. जमिनीवर उंच मनोरा उभारून वर्षभर मोजता येतं. समुद्रात ते फार खर्चाचं. खंबातच्या आखातात 2017 मध्ये लेझरनं वारा मोजणारं लायडार यंत्र बसवलं, पण ती झाली एका जागेची मोजणी. उरलेल्या किनाऱ्यासाठी मॉडेलच लागतं.

मॉडेलमध्ये वातावरणाचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यातल्या हवेचं गणित संगणकावर सोडवतात. युरोपच्या हवामान केंद्राची ईआरए5 नावाची माहिती 1940 पासूनची, तासातासाची आहे आणि फुकट मिळते. तिचा एक कप्पा मात्र साधारण 31 किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा असा कप्पा डोळ्यांपुढे आणा. अर्ध्या भागात सपाट समुद्र, अर्ध्या भागात झाडी आणि डोंगरउतार. समुद्रावरून मोकळा आलेला वारा जमिनीला लागला की मंदावतो. दुपारी खारे वारे सुटतात, रात्री मतलई. पूर्वेला सह्याद्री आडवा. एवढं सगळं असून त्या कप्प्याला वाऱ्याचा आकडा मिळतो एकच! म्हणून डब्ल्यूआरएफ नावाच्या हवामान मॉडेलसारखं मॉडेल तेवढ्याच भागासाठी 3 किंवा 1 किलोमीटरच्या कप्प्यांनी पुन्हा चालवतात आणि आलेलं उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी ताडून बघतात. माझ्या मते खरं कसब या ताडून बघण्यातच आहे. मॉडेलचा रंगीत नकाशा काढणारे पुष्कळ मिळतात, तो कुठं आणि का चुकतो हे सांगणारे थोडेच.

हे सगळं संगणकापुढं बसून होतं, त्यामुळं समुद्र लांब असल्यानं काही अडत नाही. या सुट्टीत तिला एक काम द्या. ईआरए5 मधून कळंबचा 100 मीटर उंचीवरचा एका वर्षाचा वारा उतरवून घ्यायचा. 8760 तासांचे आकडे येतील. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन रकाने असतील, ते पायथागोरसनं जोडले की वेग निघतो. मग पायथॉन या संगणकाच्या भाषेत महिनावार सरासरी काढायची आणि तुमच्या भागातल्या पवनचक्क्या कोणत्या महिन्यांत जोरात फिरतात, त्याच्याशी मेळ घालायचा. साधा लॅपटॉप पुरतो. यात ती रमली, तर तिचा ओढा खरा समजा. कंटाळली, तर बीएडचा विचार तेव्हा जरूर करा, तोही चांगलाच मार्ग आहे.

आता नोकरीचं. भारतात समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प अजून एकही सुरू झालेला नाही. केंद्रानं जून 2024 मध्ये 7453 कोटींची योजना मंजूर केली, तीही गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर 500-500 मेगावॅटसाठी. त्यामुळं एकट्या किनाऱ्यावर भिस्त ठेवू नये. पण हीच विद्या जमिनीवरही लागते. पवनऊर्जा कंपन्यांना दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग धरून कधी किती वीज देणार, ते आधी कळवावं लागतं आणि अंदाज फार चुकला तर भुर्दंड पडतो. धाराशिव-बीडच्या माळावरल्या चक्क्यांनाही हा अंदाज लागतोच. सरकारी जागा मोजक्या असतात. भारतीय हवामान विभागाच्या सायंटिफिक असिस्टंटची भरती केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगामार्फत (एसएससी) झालेली आहे, तिला फिजिक्सची बीएस्सी चालते, पण ती दरवर्षी निघत नाही.

बीएस्सीनंतर एमएस्सी करावीच लागेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, कोचीच्या विद्यापीठात हवामानशास्त्राची एमएस्सी आहे. फिजिक्स किंवा गणितात आयआयटीतून एमएस्सी करूनही या क्षेत्रात येता येतं. तिनं गणित मात्र सोडू नये. तीन महिन्यांत 'ग्रीन एनर्जी एक्स्पर्ट' करून देतो म्हणणाऱ्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सला एक रुपयाही भरू नका. ते पैसे पुण्यातल्या राहण्या-जेवणाला उपयोगी पडतील.

आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा असते. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. तिसऱ्या वर्षाला गेल्या गेल्या तिला अर्ज भरायला सांगा आणि गणिताची उजळणी या उन्हाळ्यातच सुरू करू द्या.