वाचक विचारतात : दूतावासाच्या फाटकावरचा कंत्राटी गार्ड

प्रश्न : वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसासाठी गेलो होतो. रस्त्यावर आपले पोलीस, तपासणीला गार्ड. मग अमेरिकेचे मरीन सैनिक नेमकं करतात काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अशा ठिकाणी सुरक्षेची तीन कडी असतात. बाहेरचा रस्ता यजमान देशाचा. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ प्रमाणे दूतावासाचं, आणि १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३१ प्रमाणे वाणिज्य वकिलातीचं रक्षण ही त्या देशाची खास जबाबदारी. भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाल्यावर, डिसेंबर २०१३ मध्ये, दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाबाहेरचे अडथळे आपण उचलले ते याच कड्यातले. भिंतीच्या आतल्या एका खांबालाही आपल्याला हात लावता आला नसता. दुसरं कडं म्हणजे भिंत, फाटक, गाड्यांची तपासणी. अमेरिका हे काम जगभर बहुतांशी स्थानिक गार्डांकडून, अनेक ठिकाणी कंपनीला कंत्राट देऊन, करून घेते. मरीन सगळ्यात आत, इमारतीचं दार आणि गोपनीय कागद सांभाळायला.

कंत्राटी गार्ड राजनैतिक अधिकारी नव्हे. त्याला स्थानिक कायदा लागू, शस्त्रही त्याच कायद्याने. म्हणून कित्येक देशांत तो निःशस्त्र असतो.

प्रश्न : हातात बंदूकच नसेल तर त्याचा उपयोग काय? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : वेळ काढणं आणि आत खबर देणं. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबीत स्फोटकांचा ट्रक अमेरिकी दूतावासाच्या मागच्या फाटकाशी आला, तेव्हा निःशस्त्र गार्डने फाटक उघडायला नकार दिला. ट्रक बाहेरच फुटला. पण वॉकीटॉकीवर आत कळवायला गेला तर चॅनलवर दुसरंच कोणी बोलत होतं. आधी हातबाँबचा आवाज झाला, तो ऐकून लोक खिडक्यांशी आले आणि मुख्य स्फोटात काचांनी जायबंदी झाले. एकूण २१३ माणसं गेली. गार्डने त्याचं काम केलं होतं. उणीव राहिली ती वेगळ्या आणीबाणी चॅनलची आणि ‘खिडकीपासून दूर व्हा’ सांगणाऱ्या भोंग्याची.

गाडी आत घेताना दोन फाटकं लागतात. पहिलं उघडायचं, गाडी आत, ते बंद. इंजिन बंद, चालक खाली. बॉनेट, डिकी, सीटखाली पाहायचं, चाकं असलेल्या दांडीला लावलेला आरसा गाडीच्या पोटाखालून फिरवायचा, स्टिअरिंग आणि दारांची हँडलं छोट्या पट्टीने पुसून ती पट्टी स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्रात घालायची. मगच दुसरं फाटक. घोळ होतो तो ओळखीच्या गाडीच्या वेळी. ६ डिसेंबर २००४ ला जेद्दात हल्लेखोर अमेरिकी वकिलातीच्याच गाडीच्या मागोमाग आत शिरले. पाच कर्मचारी ठार झाले.

प्रश्न : कंत्राटात पैसे कुठे मुरतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रिलीव्हरमध्ये, म्हणजे बदली माणसांत. गणित करून पाहा. एक पॉइंट (पहाऱ्याची जागा) चोवीस तास म्हणजे आठवड्याला १६८ तास. माणशी ४८ तास धरले तर साडेतीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून चार ते साडेचार. दहा पॉइंटांना ४० ते ४५ माणसं हवीत. पण २० माणसांतही रजिस्टर भरलेलं दिसतं : बारा तासांची शिफ्ट, सातही दिवस, आठवड्याला ८४ तास! पहाटे चारला अशा माणसाकडून आरसा नीट फिरवला जाईल ही अपेक्षाच चूक. त्यातून अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ही कंत्राटं अटी पुऱ्या करणाऱ्या सर्वांत स्वस्त निविदेला द्यावी लागत. इराक-अफगाणिस्तानसारख्या ठिकाणी सवलत बरीच उशिरा आली. काबूलमध्ये तर गार्डांना पुरेसं इंग्रजी येत नाही, अशी तक्रार खुद्द अमेरिकी परराष्ट्र खात्यानेच कंपनीकडे केली होती. म्हणून हजेरी तपासताना पॉइंट मोजू नका, एकाच माणसाचे आठवड्याचे तास मोजा.

प्रश्न : ब्लॅकवॉटर हाही असाच प्रकार का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. त्या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीचे लोक फाटकावरचे नव्हते, अधिकाऱ्यांच्या ताफ्यासोबत जाणारे सशस्त्र संरक्षक होते. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात त्यांच्या गोळीबारात १७ इराकी मेले. इराकमधल्या अमेरिकी अंमलाच्या काळातल्या आदेशाने त्यांना इराकी कायद्यापासून संरक्षण होतं, फाटकावरच्या गार्डला ते नसतं.

प्रश्न : फौजेतून निवृत्त आहे. एजंट इराकमध्ये अमेरिकी दूतावासाच्या कंत्राटावर नोकरी देतो म्हणतो, दोन लाख मागतो. (एक वाचक, सातारा)

उत्तर : देऊ नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा परवाना क्रमांक घालून पाहा. परवानाधारकालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. काम खरोखर अमेरिकी सरकारच्या कंत्राटावरचं असेल, तर कामगाराकडून भरतीचे पैसे घेणं आणि पासपोर्ट अडकवणं दोन्हींना त्यांच्या नियमांत मनाई आहे. करारपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. पगार, तास, परतीचं तिकीट आणि मूळ कंपनीचं नाव त्यात हवं. नुसत्या उपकंत्राटदाराच्या नावावर सही नको.

आणि विमा. जून २०१६ मध्ये काबूलला कॅनडाच्या दूतावासाच्या गार्डांची मिनीबस उडवली गेली; मेलेले बहुतेक नेपाळी, दोघे भारतीय. अमेरिकी कंत्राटावर ‘डिफेन्स बेस ॲक्ट’ या अमेरिकी कायद्याप्रमाणे इजा-मृत्यूचा विमा काढणं मालकावर बंधनकारक असतं, मग कामगार कुठल्याही देशाचा असो. साधारणपणे इजा ३० दिवसांत कळवायची, दावा वर्षभरात करायचा. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक निघण्याआधीच घरी लिहून ठेवा, कारण वेळ आली तर दावा घरच्यांनाच करावा लागेल.