बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीनंतर, डॉक्टर नसताना, मुंबईत राहून इम्युनॉलॉजी किंवा व्हायरॉलॉजीत संशोधन करता येईल का? दोन्हींपैकी काय निवडू?

येईल. मी तेच केलं. शेवटच्या वर्षाला आहेस म्हणतेस, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची, एकेरीतच लिहिते.

निवड आत्ता करू नकोस, इम्युनॉलॉजी म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र आणि व्हायरॉलॉजी म्हणजे विषाणूंचं, पण प्रयोगशाळेत दोन्हींमधली भिंत टिकत नाही. माझी पीएच.डी. डेंग्यूवर. या विषाणूचे ४ प्रकार. एकाची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आधीच्याच अँटीबॉडी विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात. कुंपणानेच शेत खाल्लं! आता हा विषय विषाणूचा की प्रतिकारशक्तीचा, तूच सांग.

डॉक्टर नसल्याचं म्हणशील, तर ज्याच्या नावाने परळची हाफकिन संस्था आहे तो वाल्डेमार हाफकिनसुद्धा डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. अडचण एकच: रुग्णाचं रक्त आपण काढू शकत नाही. प्रकल्पात डॉक्टर सोबती लागतो, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते.

आणि रक्त ताजं लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. रक्त पातळ करून फायकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद, थर मोडू न देता सोडायचं, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचं. मधे पांढुरका, ढगाळ पट्टा दिसतो. त्यात आपल्याला हव्या त्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, असतात. ट्यूब उद्यावर ढकललीस तर न्यूट्रोफिल या नको असलेल्या पांढऱ्या पेशीही त्या पट्ट्यात घुसतात आणि सगळे आकडे बिघडतात. त्यामुळे सॅम्पल संध्याकाळी सहाला आलं तर सहाला सुरुवात. दहानंतरच्या डोंबिवली लोकलमध्ये मी इतकी वर्षं उभी राहिले आहे, की घरचे जेवायला थांबायचे बंद झाले.

सॅम्पल मिळवणं ही तर वेगळीच कला. डेंग्यूचा विषाणू रक्तात तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच सापडतो, आणि लोक नाक्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या संपवून पाचव्या दिवशी हॉस्पिटलात येतात. मी संमतीपत्र घेऊन खाटेपाशी उभी, आणि बाजूला आई: ‘‘अहो, प्लेटलेट आधीच कमी झाल्यात, आणि तुम्ही अजून रक्त काढता?’’ पहिलं वर्षभर मी ‘‘सॉरी’’ म्हणून परत फिरायचे. मग वॉर्डातल्या एका सिस्टरने शिकवलं: त्यांच्या तपासणीसाठी रक्त काढणारच असतील, तेव्हाच विचार, वेगळी सुई टोचावी लागत नाही. पीएच.डी.तला माझा सगळ्यात उपयोगी धडा तो, आणि थिसिसमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

म्हणून मुंबई, आणि त्यातही परळ. केईएम हॉस्पिटलच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ही केईएमच्याच डॉक्टरांनी १९५२मध्ये जगापुढे आणला. व्हायरॉलॉजीच हवी असेल तर हाफकिनच्या आवारात एनआयव्हीचा, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा, मुंबई विभाग आहे, पूर्वीचं एन्टरोव्हायरस संशोधन केंद्र. २००१पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओ शोधायचं काम तिथलं. त्यासाठी एल२०बी नावाच्या पेशी वापरतात: उंदराच्या पेशी, पण त्यांच्यात माणसाचा पोलिओ-रिसेप्टर, म्हणजे पोलिओचा विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो तो रेणू, बसवलेला. गटाराच्या पाण्यात बाकी विषाणू ढीगभर, पण या पेशींत मुख्यतः पोलिओच वाढतो. मला ही युक्ती अजूनही फार देखणी वाटते. कॅन्सरकडे ओढा असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र; आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सीएआर-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) २०२३मध्ये मंजुरी मिळाली. अतिधोकादायक विषाणूंच्या बीएसएल-४ प्रयोगशाळेसाठी मात्र पुण्याला जावं लागेल.

पैशाचं उघड बोलते. एम.एस्सी.नंतर नेटसारखी राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी ४२,०००. आमच्या वेळी रक्कम चार आकडी होती आणि कधीकधी तीन-तीन महिने अडकायची. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. तुझ्या बरोबरीची कंपनीत लागलेली मैत्रीण तोवर घराचे हप्ते भरत असेल, आणि लग्नात नातेवाईक विचारतील, ‘‘अजून शिकतेच आहेस?’’ कायमची जागा मला छत्तिसाव्या वर्षी मिळाली.

पावसाळ्याचंही सांगून ठेवते. एका जुलैत पेशी वाढवायच्या इनक्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि चार महिन्यांच्या पेशी गेल्या. चूक माझीच, आतल्या ट्रेमधलं पाणी बदलायचा कंटाळा केला होता.

डिझर्टेशनसाठी अशीच लॅब शोध जिथे हॉस्पिटलचं रक्त येतं. मेल पाठव. उत्तर आलं नाही तर आठवड्याने पुन्हा पाठव, आणि तरीही आलं नाही तर बायोडेटा घेऊन थेट जा. मात्र सकाळी अकराच्या आत. नंतर सॅम्पलं यायला लागतात, मग तुझ्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही.