साठा करायचाय? आधी कपाट उघडा

एकदम सहा महिन्यांचं सामान भरायला जाऊ नका. महिनाभर काय किती लागतं ते बघा आणि जे हमखास संपतं तेवढंच जादा आणा. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही. किलोमागे दर काढा, कधीकधी छोटंच परवडतं. (ऑफरवाले हे हिशेब आपण करणार नाही हे धरूनच चालतात.) साबण, मीठ, साखर कोरड्या जागी खुशाल ठेवा. तेल मात्र बेतानं, उजेड आणि उष्णता लागली की खवट होतं. अख्ख्या धान्याचं पीठही फार टिकत नाही, त्यात अंकुरातलं तेल असतं. नवं मागे, जुनं पुढे. डब्यावर तारीख लिहा, पेन तिथेच टांगा, नाहीतर कोणी लिहीत नाही.