कोकिळाला न शिकता कुहू येतं, मग पक्षी गाणं शिकतात म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढूनही कुहूच करतो, मग ‘पक्षी गाणं शिकतात’ यात तथ्य किती, आणि मोठेपणी ते नवं काही शिकतात का.

कोकिळाची हाक उपजत असते. मुळात शास्त्रज्ञ ज्यांना गाणारे पक्षी म्हणतात त्या गटात कोकीळ बसतच नाही, कावळा मात्र बसतो! दयाळ, बुलबुल, चिमणी हेही त्याच गटातले. या गटातले पक्षी गाणं ऐकून शिकतात, आणि त्यासाठी त्यांच्या मेंदूत खास केंद्रं असतात.

सर्वात जास्त अभ्यास झालाय तो झेब्रा फिंचचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडेही पुष्कळ लोक पाळतात. आमच्या गॅलरीत याची जोडी आहे, त्यामुळे पिल्लांचं शिकणं मला जवळून बघायला मिळतं. चोच अजून पुरती लाल झालेली नसते तेव्हाच नर पिल्लू कोपऱ्यात बसून पुटपुटायला लागतं. गळा हलताना दिसतो, आवाज जेमतेम ऐकू येतो, आणि दर वेळी काहीतरी वेगळंच निघतं. साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत त्यातून बापाच्या गाण्याशी मिळतंजुळतं एक गाणं पक्कं होतं.

म्हणजे आधी ऐकून लक्षात ठेवायचं आणि मग स्वतःचा आवाज त्या आठवणीशी ताडून बघायचा. हे ताडून बघणं किती गरजेचं आहे ते कोनिशी या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये दाखवलं. पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या अमेरिकन चिमण्यांना गाणं ऐकवून झाल्यावर, पण त्या गायला लागण्याआधी, त्यांनी बहिरं केलं. त्यांचं गाणं बिघडलेलंच राहिलं. आठवण होती, पण स्वतःचं ऐकायला कान नव्हता.

मेंदूत यासाठी दोन वाटा आहेत. एक प्रत्यक्ष गाण्याची: एचव्हीसी नावाचं केंद्र आरए या केंद्राला आज्ञा देतं, आणि तिथून श्वासाच्या व कंठाच्या स्नायूंना. आरएला जोडलेली एचव्हीसीमधली एकेक पेशी गाण्याच्या ठरलेल्या क्षणी, काही मिलिसेकंदांपुरती, एकदाच पेटते. हे केंद्र किंचित थंड केलं की सगळं गाणं संथ होतं. 2008 मधला हा प्रयोग मला फार आवडतो, कारण गाण्याची लय मेंदूत कुठे आहे हे त्यातून थेट दिसतं.

दुसरी वाट शिकण्याची, आणि खरी गंमत इथे आहे. तिच्या टोकाला एलमॅन नावाचं केंद्र आहे. पिल्लात ते तात्पुरतं बंद केलं तर पुटपुटण्यातली विविधता तत्क्षणी गायब होते आणि पिल्लू तेच तेच गात राहतं. याचा अर्थ आवाज इकडेतिकडे भरकटणं ही नवशिक्याची कमजोरी नव्हे. मेंदू तो फरक मुद्दाम घडवून आणतो, नाहीतर निवडणार कशातून? 2016 च्या एका प्रयोगात फिंच गात असताना त्याला त्याचाच आवाज अधूनमधून बिघडवून ऐकवला. बिघडलेला सूर ऐकू आला की डोपामाइन (मेंदूतलं शाबासकीचा संकेत देणारं रसायन) सोडणाऱ्या पेशी मंदावत, आणि बिघडेल अशी धास्ती असताना सूर नीट आला की उसळत. बाहेरून कुणी दाणा देत नव्हतं, शाबासकी आतूनच मिळत होती.

एलमॅन मोठेपणीही काम करतं. नर एकटा असताना गातो तेव्हा सूर किंचित इकडेतिकडे होतात; मादीसमोर मात्र एलमॅन आवरतं घेतं आणि गाणं दर वेळी जवळपास हुबेहूब येतं. झेब्रा फिंचची मादी स्वतः गात नाही, पण तिला हा फरक कळतो, आणि ती मादीसमोर गायलेलं, हुबेहूब येणारं गाणं पसंत करते.

मोठेपणी नवं शिकण्याचं म्हणाल तर ते जातीवर अवलंबून आहे. झेब्रा फिंचचं एकदा पक्कं झालेलं गाणं आयुष्यभर तेच राहतं. कॅनरी हा गाणारा पक्षी मात्र दरवर्षी गाण्यात नवे तुकडे घालतो. नॉटेबोम आणि गोल्डमन या शास्त्रज्ञांना 1983 मध्ये प्रौढ कॅनरीच्या एचव्हीसीमध्ये नव्या चेतापेशी तयार होताना आढळल्या, तेही अशा काळात जेव्हा प्रौढ प्राण्याच्या मेंदूत नव्या पेशी येतच नाहीत असं बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते.