चांदीचे नॅनोकण आणि माशाच्या 'चिवट' पेशी

प्रश्न खारघरच्या एका एमएस्सी प्रकल्पाचा आहे: चांदीचे नॅनोकण २४ तास दिल्यावर उंदराच्या एल९२९ आणि माणसाच्या हेपजी२ पेशी मेल्या, ट्राउटच्या कल्ल्याच्या आरटीगिल-डब्ल्यू१ मात्र टिकल्या. मग 'ठाणे खाडीतल्या माशांना धोका कमी' असं लिहावं का?

नको. एल९२९ संयोजी ऊतीच्या, हेपजी२ यकृताच्या, तिसऱ्या कल्ल्याच्या. हा फरक प्राण्यांचा की अवयवांचा, ते यातून कळतच नाही.

शिवाय पहिल्या दोन ३७ अंशांना वाढतात, ट्राउटच्या १९ च्या आसपास. थंडीत पेशी कण कमी गिळतात. गिळलेला कण लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या, आम्लात (पीएच ४.५ ते ५) विरघळून चांदीचे आयन सोडतो, ते ग्लुटाथायोन (पेशीचा संरक्षक रेणू) आणि प्रथिनांच्या गंधकाला चिकटतात, मायटोकाँड्रिया बिघडतो. त्यात माशाच्या पेशी एल-१५ या वाढीच्या माध्यमात (पोषक द्रावणात) असतील तर त्यातलं मोकळं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) बाहेरच आयन पकडतं. म्हणजे पेशी चिवट नाही, माध्यमच तिची ढाल झालंय! माध्यमात घालायच्या सीरमचं (रक्तद्रवाचं) प्रमाण तिन्हीकडे सारखं ठेवा, नाहीतर त्यातली प्रथिनंही हाच खेळ करतात.

मात्रा नुसती मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये देऊ नका. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर, १० मायक्रोग्रॅम/मिली म्हणजे खाचेत १ मायक्रोग्रॅम, तळ ०.३२ चौ. सेंमी, म्हणून सगळे कण बसले तर सुमारे ३.१ मायक्रोग्रॅम/चौ. सेंमी. गुठळ्या झाल्या की कण लवकर बसतात, म्हणून प्रत्येक माध्यमात ० आणि २४ तासांना डीएलएसने (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) आकार मोजा.

सिल्व्हर नायट्रेटचा, म्हणजे कणांशिवाय नुसते चांदीचे आयन देणारा, नियंत्रण गट हवाच. तो नसेल तर कण मारतोय की आयन, हे सांगता येत नाही. कणांचं द्रावण ३ किलोडाल्टन फिल्टरमधून (कण अडवणाऱ्या, आयन जाऊ देणाऱ्या) फिरवून खाली उतरलेलं पाणीही पेशींना द्या. बाटली जुनी असेल तर विरघळलेली चांदी त्यातच वाढलेली असते.

एलडीएच चाचणीवर (मेलेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम मोजणारी) एकटीवर विसंबू नका. चांदी त्या एन्झाइमलाच निकामी करते आणि मृत्यू कमी दिसतो. एमटीटीमध्ये (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) पेशींशिवाय फक्त कणांची खाच ठेवा, म्हणजे कणच रंगाचं मोजमाप बिघडवतात का ते कळेल.

खाडीचं म्हणाल, तर ट्राउटची ही पेशी गोड्या पाण्यात वाढवलेल्या माशाची. खाडीच्या खाऱ्या पाण्यात क्लोराइड चांदीचं रूपच बदलतं. खाडीतल्या बोईट किंवा निवटी या माशांबद्दल काही लिहायचं असेल तर त्यांच्याच कल्ल्याच्या प्राथमिक (थेट माशातून काढलेल्या) पेशी लावाव्या लागतील.