व्हेप सोडला तर टेन्शन कसं झेलू?

"मॅम, व्हेप वाईट आहे हे मला कळतं. पण सोडला तर टेन्शनचं काय करू?" व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढणारी विशीतली मुलंमुली समोर बसली की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एका मुलीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

ती आली होती झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून. व्हेपचा विषय ओघात निघाला आणि ती एकदम सावरून बसली. आता भाषण ऐकावं लागणार, अशी तिची खात्री होती. भाषणाने व्यसन सुटतं यावर माझा विश्वास नाही. माणसाला स्वतःचं म्हणणं स्वतःच्या कानांनी ऐकू आलं की तो बदलतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

"त्यातून तुला काय मिळतं?" मी विचारलं.

"शांत वाटतं. दोन मिनिटं का होईना."

"दिवसातून किती वेळा?"

"ते मोजता नाही येत."

खरंच येत नाही. सिगारेट विझते, पुढची पेटवायला उठावं लागतं. व्हेप उशीखाली असतो, वासही फारसा येत नाही. शिवाय व्हेपमधलं निकोटिन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटिन, घशाला बोचत नाही, त्यामुळे भरपूर निकोटिन नकळत आत जातं.

मी तिला एवढंच सांगितलं, की ओढण्याआधी मनात काय चाललंय ते एका शब्दात लिही. पुढच्या भेटीत ती वही वाचू लागली. उठल्या उठल्या, बेचैन. लेक्चर संपल्यावर, बेचैन. मैत्रिणींबरोबर सिनेमा, मध्यंतर, बेचैन. तिथे ती थांबली.

"सिनेमात मला कसलं टेन्शन होतं?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं काम, आणि ते मला जमतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "म्हणजे टेन्शन हाच आणतो आणि हाच घालवतो?"

तिला जे उमगलं त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मेंदू कुरकुरायला लागतो. रात्रभराच्या खंडानंतर सकाळी तर जास्तच. २०१४ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता आणि ताण, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला त्यात दिसला. तो सिगारेटवरचा आहे, पण दोन्हीकडे ओढ निकोटिनचीच.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हे सगळं होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात जागेवरून उठा, चाला, कोणाला तरी फोन लावा. त्याआधी व्हेप झोपायच्या खोलीबाहेर काढा आणि सकाळचा पहिला झुरका रोज थोडा पुढे ढकला. सवय फार मुरली असेल तर निकोटिन गम किंवा पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यात कमीपणा नाही.

तिने सोडला, परीक्षेत मैत्रिणीचा ओढला, आणि आपणहून येऊन सांगितलं. त्या झुरक्याआधी काय झालं होतं, ते आम्ही पुन्हा वहीत शोधलं. पालकांनो, असं घरी कोणी सांगितलं तर "परत?" म्हणू नका. आधी काय झालं होतं, ते विचारा.